बाजाराच्या आलेखांवरून भविष्य कळतें काय ?

अलीकडे सुशिक्षित मध्यम स्थितींतील कुटुंबांत एक नवी विद्या शिरली आहे. पूर्वीं घरांतील पोक्त माणसें पेन्शनीचे व शिलकेचे पैसे पोस्टांत किंवा बँकेच्या मुदतठेवींत ठेवीत आणि व्याजाचा आंकडा वहींत टिपून निश्चिंत असत. आतां त्याच घरांतील तरुण मुलगा, आणि कित्येक ठिकाणीं सूनबाईही, हातांतील मोबाइलवर हिरव्या-तांबड्या उभ्या रेघांचें एक चित्र न्याहाळीत बसलेलीं आढळतात. त्या चित्रावर बोटानें एक तिरकी रेघ ओढावयाची आणि "भाव आतां येथपर्यंत जाणार" असें सांगावयाचें, हा या विद्येचा मुख्य विधि होय. तिला टेक्निकल अॅनालिसिस म्हणतात. आपण तिला आलेखविद्या म्हणूं. मुंबईच्या शेअरांपुरतें हें असतें तरी एक गोष्ट होती. परंतु ब्राझीलचे शेअर, तुर्कस्तानचें चलन आणि आर्जेंटिनाचे सरकारी रोखे यांचेही आलेख आतां पुण्या-ठाण्याच्या दिवाणखान्यांतून वाचले जात आहेत. कुंडलीसही इंग्रजींत चार्टच म्हणतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आमच्या समाजांत या विद्येचें इतक्या लवकर कसें बस्तान बसलें याचा थोडासा उलगडा होतो !

आम्ही कांहीं दलाल नव्हों, अर्थशास्त्रज्ञही नव्हों. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत व गणित शिकविण्यांत गेलें. परंतु एका गोष्टीवरून दुसरी न दिसणारी गोष्ट ओळखणें यास अनुमान म्हणतात, आणि अनुमान खरें केव्हां व खोटें केव्हां याचा विचार आपल्या नैयायिकांनीं जितका केला आहे तितका क्वचितच कोणीं केला असेल. धुरावरून अग्नीचें अनुमान होतें, कारण जेथें धूर तेथें अग्नि अशी व्याप्ति आहे. आलेखावरील आकृति आणि उद्यांचा भाव यांच्यांत अशी कांहीं व्याप्ति आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतों. घराघरांतील म्हातारपणाची पुंजी त्यावर अवलंबून असल्यानें तो केवळ शब्दच्छलाचा प्रश्न राहिलेला नाहीं.

ही विद्या आजकालची नव्हे. जपानांत ओसाका शहरीं दोजिमा येथें तांदळाचा मोठा बाजार भरे. १७३० सालीं शोगुनच्या राजवटीनें त्यास रीतसर मान्यता दिली. कोठारांतील तांदळाच्या पावत्यांचे आणि पुढील वायद्यांचे सौदे तेथें होत. साकाता गांवचा होम्मा मुनेहिसा नांवाचा तांदळाचा व्यापारी भावांच्या चढउतारावरून लोकांचें मन ओळखण्यांत निष्णात होता अशी आख्यायिका असून मेणबत्तीच्या आकाराचा आलेखही त्याच्याच नांवावर घालतात. आमच्याकडे कोणतेंही सुभाषित भर्तृहरीच्या नांवावर खपतें, त्यांतलाच हा प्रकार असावा. अमेरिकेंत चार्ल्स डाऊ या वृत्तपत्रकारानें १८८९ सालीं आपल्या भागीदारांसह वॉल स्ट्रीट जर्नल हें पत्र सुरू केलें आणि १८९६ सालीं बारा कंपन्यांच्या भावांची सरासरी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. डाऊ १९०२ सालीं वारला. त्याच्या अग्रलेखांतून विखुरलेले विचार शिष्यांनीं एकत्र गोंवले आणि पुढें एडवर्ड्स व मगी या दोघांनीं १८४८ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९४८ सालीं, या विद्येचा जाडजूड ग्रंथ लिहिला. आजही शिकाऊ माणसास तोच दाखविण्यांत येतो.

आलेखांतील एक मेणबत्ती म्हणजे एका दिवसाचे चार भाव : उघडतांनाचा, मिटतांनाचा, दिवसांतील सर्वांत उंच आणि सर्वांत नीच. उघडल्या व मिटल्या भावांमधील भाग जाड काढावयाचा, आणि उंच व नीच भाव वाती-प्रमाणें वरखालीं बारीक रेघेनें दाखवावयाचे. मिटतांनाचा भाव वरचा असेल तर रंग हिरवा, खालचा असेल तर तांबडा. अशा शेंकडों मेणबत्त्या ओळीनें मांडल्या म्हणजे डोळ्यांस डोंगर, दऱ्या, पायऱ्या दिसूं लागतात. घसरतां घसरतां भाव ज्या पातळीशीं वारंवार थांबतो तिला सपोर्ट म्हणजे आधार म्हणतात; चढतांना जेथें वारंवार अडतो तिला रेझिस्टन्स म्हणजे अडसर. मागील दोनशें दिवसांच्या भावांची रोज नवी सरासरी काढीत गेलें म्हणजे चालत्या सरासरीची रेषा मिळते. भाव तिच्या वर असेल तर तेजी, खालीं असेल तर मंदी, असा ढोबळ दंडक. बाकीचा पसारा बहुतेक याच तीन गोष्टींचा विस्तार आहे.

यांत तथ्य मुळींच नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्या मुंबईचेंच उदाहरण घ्या. ८ जानेवारी २००८ रोजीं सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तो एकदां ८,००० च्याही खालीं उतरून आला. पुढें दोन वर्षांनीं, ५ नोव्हेंबर २०१० रोजीं दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांत, तो २१,००५ वर पोंचला आणि पुन्हां तेथूनच मागें फिरला. २०११ साल संपतांना तो साडेपंधरा हजारांच्या आसपास होता. एकाच उंचीचीं दोन शिखरें पाहून आलेखवाल्यांनीं मंदीचें भाकीत केलें होतें आणि तें वर्षभर खरें ठरलें. यांत चमत्कार कांहीं नाहीं. २००८ सालीं एकवीस हजारांच्या भावानें अडकलेल्या हजारों गृहस्थांनीं दोन वर्षें मनांतल्या मनांत एकच जप केला होता, "मुद्दल तरी सुटो." भाव त्या पातळीस आला तसे ते विकून मोकळे झाले. अडसराची रेषा म्हणजे अशा माणसांच्या स्मरणाची रेषा होय. आणि स्मरण ही खरी वस्तु आहे. ३० ऑक्टोबर २०१३ रोजीं सेन्सेक्स २१,०३४ वर बंद झाला, आणि पुढच्या मे महिन्यांत तर तो चोवीस हजारांच्या पलीकडे गेला. विकणारे विकून संपले होते.

परंतु येथेंच एक गंमत पाहण्यासारखी आहे. २००८ च्या जानेवारींत एका डॉलरास सुमारे ३९ रुपये पडत. २०१३ च्या ऑक्टोबरांत ६१ च्या वर. म्हणजे तोच सेन्सेक्स डॉलरांत मोजला तर पहिल्या शिखरावर सुमारे ५३० आणि तिसऱ्या वेळीं ३४५ च्या आसपास येतो. मुंबईंतला गृहस्थ रुपयांचा आलेख पाहून "अडसर मोडला, नवें शिखर झालें" म्हणून पेढे वांटीत होता. त्याच दिवशीं न्यूयॉर्कचा गृहस्थ त्याच बाजाराचा डॉलरांतील आलेख पाहून "अजून एकतृतीयांश खालीं आहे" असें म्हणत होता. दोघेही खरें बोलत होते. बाजार एक, तारीख एक, आणि आकृति दोन. मग आकृतींत जें बळ आहे असें म्हणतात तें नेमकें कोणत्या आकृतींत ? मोठ्या स्थिर चलनांच्या देशांत हा प्रश्न इतक्या तीव्रतेनें उद्भवत नाहीं. आपल्यासारख्या देशांत तो पदोपदीं उभा राहतो.

आपल्याकडे घुणाक्षरन्याय म्हणून एक न्याय आहे. लांकूड पोखरतां पोखरतां किड्याच्या हातून एखादें अक्षर उमटतें. तें वाचणाऱ्यास अक्षर दिसतें, पण किड्यास कांहीं लिहावयाचें नव्हतें. आमच्या वाचकांनीं घरच्या मुलांकडून एक प्रयोग करवून पाहावा. गणिताच्या चौकटीच्या वहींत एक टिंब काढावें आणि रुपयाचें नाणें उडवावें. छापा पडला तर एक घर वर, कांटा पडला तर एक घर खालीं, असें दोनशें वेळां करावें. जें चित्र निघेल त्यांत आधार, अडसर, दोन शिखरें, सर्व कांहीं सांपडेल. शाळेंत असतांना आम्हीं हा प्रयोग बऱ्याच वर्गांकडून करविला आणि प्रत्येक वर्गांत निदान एक मुलगा तरी "सर, आतां वर जाणार बघा" असें ओरडलाच ! शिकागो येथील हॅरी रॉबर्ट्स या प्राध्यापकानें १९५९ सालीं यादृच्छिक आंकड्यांवरून असेच आलेख काढून ते शेअरांच्या खऱ्या आलेखांसारखे कसे दिसतात हें दाखविलें होतें. त्याच्याही पूर्वीं, १९३३ सालीं, आल्फ्रेड कौल्स या गृहस्थानें डाऊचा पट्टशिष्य विल्यम हॅमिल्टन याच्या वॉल स्ट्रीट जर्नलमधील भाकितांचा हिशेब मांडला. १९०३ अखेरपासून १९२९ पर्यंतचीं नव्वद भाकितें त्यानें तपासलीं. पैकीं पंचेचाळीस खरीं निघालीं व पंचेचाळीस खोटीं. नाण्याचा निकाल याहून निराळा लागला नसता. पुढील काळांतील कांहीं अभ्यासकांनीं पत्करलेल्या धोक्याचा हिशेब जमेस धरून हॅमिल्टनची बाजू थोडी उचलून धरली आहे, हेंही सांगितलें पाहिजे.

आतां उदयोन्मुख बाजारांकडे वळूं. हें नांव १९८१ सालीं आंतोन व्हान आख्तमाल या गृहस्थानें काढलें. तो तेव्हां जागतिक बँकेच्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशन या शाखेंत होता. "तिसऱ्या जगाचे शेअर" असें म्हटलें तर कोणी पैसे घालीना, म्हणून नांव बदलावें लागलें. १९८८ पासून एमएससीआय या संस्थेनें या देशांचा एक निर्देशांक काढण्यास आरंभ केला, आणि मेक्सिको, ब्राझील, तैवान, थायलंड, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान, हिंदुस्थान हे परस्परांशीं फारसा संबंध नसलेले देश न्यूयॉर्क-लंडनच्या हिशेबवहींत एका पानावर आले.

या बाजारांत आलेखविद्या अधिक चालते काय, याचा शोध बेसेम्बाइंडर व चॅन या दोघां अभ्यासकांनीं घेतला. त्यांचा निबंध १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. चालत्या सरासरीसारखे अगदीं साधे दंडक त्यांनीं आशियांतील बाजारांस लावून पाहिले. मलेशिया, थायलंड व तैवान येथें त्या दंडकांस चांगलें यश आलें. जपान व हाँगकाँग यांसारख्या पुढारलेल्या बाजारांत तितकें आलें नाहीं. कारण उघड आहे. जेथें बातमी हळूहळू पसरते, जेथें घेणारे थोडे आणि ते एकमेकांकडे पाहून घेणारे, तेथें चढूं लागलेला भाव कांहीं दिवस चढतच राहतो. परंतु त्याच निबंधांत दुसरीही एक गोष्ट आहे. घेण्या-विकण्याच्या एका फेरीस शेंकडा दीड-पावणेदोनपेक्षां अधिक खर्च पडला तर हा सर्व लाभ सरासरीनें नाहींसा होतो. त्या काळीं दलाली, कर आणि भावांतील अंतर मिळून तेवढा खर्च सहज येई. म्हणजे व्याप्ति अगदींच नाहीं असें नव्हे. पण ती दलालाच्या दारांतून बाहेर पडेपर्यंत बहुतेक झिजून जाते.

नैयायिक आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती आमच्या मतें या सर्व विषयाची किल्ली आहे. जेथें धूर तेथें अग्नि हें खरें. पण जेथें अग्नि तेथें धूर हें खरें नव्हे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. धूर निघण्यास ओल्या सरपणाचा संयोग लागतो. या आड दडलेल्या अटीस ते उपाधि म्हणतात. आलेखविद्येचीही एक उपाधि आहे : भाव हलण्यास मोकळा असला पाहिजे आणि बाजार उघडा असला पाहिजे. लोकांच्या मनांत कितीही आग लागो, भाव सरकारनें धरून ठेवला असेल तर आलेखावर धूर दिसत नाहीं. उदयोन्मुख देशांत ही अट किती वेळां पाळली जाते ?

थायलंडचें नाणें बाट. १९८४ पासून तें परकीय चलनांच्या एका गठ्ठ्याशीं बांधलेलें असून त्यांत डॉलराचा वांटा मोठा होता. त्यामुळें एका डॉलरास सुमारे पंचवीस बाट हा भाव वर्षानुवर्षें हलला नाहीं. १९९७ च्या वसंतांत बाटचा आलेख पाहणाऱ्यास काय दिसलें असतें ? एक शांत आडवी रेषा. तेरा वर्षांचा पक्का आधार ! वास्तविक त्या वेळीं तेथील मध्यवर्ती बँक सट्टेवाल्यांच्या माऱ्यापुढें वायद्यानें डॉलर विकून नाणें सांवरीत होती. गंगाजळीचा उघड आंकडा तीस अब्ज डॉलरांच्या वर होता, पण वीस अब्जांहून अधिक डॉलर पुढें द्यावयाचे कबूल होऊन बसले होते. २ जुलै १९९७ रोजीं सरकारनें हात काढून घेतला. १९९८ च्या जानेवारींत एका डॉलरास छपन्न बाट पडूं लागले. तेरा वर्षांच्या आधाराची त्या दिवशीं कांहीं मातब्बरी राहिली नाहीं. किंबहुना तो आधार आधार नव्हताच. तो बांध होता, आणि बांधामागें पाणी किती आहे हें बांधाच्या चित्रावरून कळत नाहीं.

मात्र थायलंडच्याच शेअरांचा आलेख ज्यानें शेजारीं ठेवला असता त्यास निराळें दृश्य दिसलें असतें. बँकॉकचा सेट निर्देशांक १९९४ च्या जानेवारींत १,७५३ वर होता. १९९७ च्या जूनपर्यंत, म्हणजे नाणें सुटण्यापूर्वींच, तो निम्म्याहूनही बराच खालीं आला होता. पुढें १९९८ च्या सप्टेंबरांत तो २०७ पर्यंत उतरला आणि १९९४ चें शिखर ओलांडण्यास त्यास २०१८ साल उजाडावें लागलें. शेअरांचा भाव धरून ठेवणारें कोणी नव्हतें, म्हणून धूर तेथून निघाला. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या देशांचे आलेख एकेकटे वाचूं नयेत. शेअर, हुंडणावळ आणि रोखे हे तिघे एकाच घरांत राहणारे भाऊ आहेत. एकाचें तोंड दाबलें तर दुसरा बोलतो.

रोख्यांविषयीं येथें दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण तिघांत तो सर्वांत अबोल व सर्वांत शहाणा. शंभर रुपयांचा सरकारी रोखा वर्षास सात रुपये व्याज देतो असें धरा. लोकांचा विश्वास डळमळला आणि तो नव्वद रुपयांस मिळूं लागला, तर घेणाऱ्यास नव्वदांवर सात, म्हणजे शेंकडा पावणेआठांच्या जवळ, उत्पन्न पडतें. शिवाय मुदत भरल्यावर दहा रुपये वरकड. म्हणून रोख्याचा भाव उतरला कीं उत्पन्नाची रेषा चढते. वर्तमानपत्रांत छापतात ती उत्पन्नाची रेषा. ती चढलेली पाहून आनंद मानणारे सुशिक्षित गृहस्थ आमच्या पाहण्यांत आहेत !

या तिघांचें एकत्र भाषण २०१३ सालीं आपण घरबसल्या ऐकलें. २२ मे रोजीं अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बर्नांकी यांनीं, आम्ही दरमहा जे रोखे विकत घेतों ती खरेदी लवकरच कमी करूं, अशा अर्थाचें विधान केलें. तेव्हां रुपया डॉलरास पंचावन्नच्या आसपास होता आणि आपल्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावरील उत्पन्न शेंकडा सव्वासातच्या आंत. परकीयांनीं प्रथम रोखे विकले, त्याचे रुपये मिळाले ते देऊन डॉलर घेतले, आणि २८ ऑगस्ट रोजीं रुपया ६८.८० पर्यंत घसरला. मध्यंतरीं रिझर्व्ह बँकेनें १५ जुलैस पैसा महाग केला आणि ऑगस्टांत रोख्यांचें उत्पन्न नऊ टक्क्यांच्या वर गेलें. हिंदुस्थान, ब्राझील, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका व तुर्कस्तान यांस त्या महिन्यांत मॉर्गन स्टॅन्ले या पेढीनें नाजुक पंचक असें नांव दिलें. येथें भाव बऱ्याच अंशीं मोकळा होता. रेषा पायरीपायरीनें उतरली आणि ज्यास बाजूस व्हावयाचें होतें त्यास वेळ मिळाला. उपाधि पाळली गेली, म्हणून विद्या चालली.

पण भाव मोकळा असला तरी राज्यकर्त्यांचा हात कोणत्या रात्रीं पुढें येईल याचा नेम नसतो. आमचा एक जुना विद्यार्थी, नोकरींत स्थिर झालेला, हिशेबी स्वभावाचा, २०२१ सालीं तुर्की लिराच्या आलेखाच्या नादीं लागला. त्यानें पाहिलेली गोष्ट खोटी नव्हती. महागाई वाढत असतां तेथील मध्यवर्ती बँक व्याजाचा दर सप्टेंबरापासून १९ वरून १४ वर उतरवीत आली होती आणि लिरा दर आठवड्यास नवा तळ गांठीत होता. सप्टेंबरांत एका डॉलरास सव्वाआठ-साडेआठ लिरा पडत. २० डिसेंबर रोजीं अठरांच्या वर. या मुलानें त्याच दिवशीं डॉलर चढणार म्हणून सतराच्या पुढें सौदा केला, तोही परदेशी अॅपवर, एक रुपया ठेवून वीस रुपयांचा. पैसे धाकट्या भावाच्या कॉलेजच्या फीचे होते. त्या रात्रीं तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांनीं जाहीर केलें कीं, लिरांत ठेव ठेवणाऱ्यांचें नाणें घसरल्यामुळें होणारें नुकसान सरकार भरून देईल. कांहीं तासांतच भाव तेराच्या आसपास आला. वीसपट सौद्यांत शेंकडा पांच उलट गेलें कीं सर्व ठेव बुडते; येथें शेंकडा वीसांहून अधिक गेलें. तोटा अमुकवर थांबवावा असा हुकूम त्यानें देऊन ठेवला होता, पण त्या भावास घेणाराच नव्हता.

पुढील वर्षाच्या सप्टेंबरांत लिरा पुन्हां अठरांच्या वर गेला, तेव्हां तो आमच्याकडे आला. म्हणाला, "सर, दिशा माझी बरोबर होती."

आम्हीं म्हटलें, "अरे, दिशा बरोबर होती खरी, पण तुझा पैसा तोंपर्यंत जिवंत कोठें होता?"

तो कांहीं बोलला नाहीं. भावाची फी त्यानें पुढें पगारांतून भरली. हा सौदा कायद्यांतही बसत नव्हता, हें त्यास मागाहून कळलें. परकीय चलन व्यवस्थापनाच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणें येथील रहिवाशास असे व्यवहार अधिकृत व्यक्तींशीं व मान्य कारणांसाठींच करतां येतात, किंवा मान्यताप्राप्त बाजारांत. परवाना नसलेल्या मंचांची यादी रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०२२ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. अशा एखाद्या अॅपची जाहिरात घरांत कोणाच्या मोबाइलवर दिसली, तर प्रथम ती यादी पाहावी, आलेख मागाहून.

आर्जेंटिनाची गोष्ट याहून थोडक्यांत सांगतां येते. २०१७ च्या जूनमध्यें त्या सरकारनें शंभर वर्षांच्या मुदतीचे पावणेतीन अब्ज डॉलरांचे रोखे विकले, आणि गेल्या दोन शतकांत वारंवार कर्ज बुडविलेल्या त्या देशाचे रोखे घेणाऱ्यांची झुंबड उडाली. ११ ऑगस्ट २०१९ हा रविवार. त्या दिवशीं अध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकींत सत्ताधाऱ्यांचा अनपेक्षित पराभव झाला. शुक्रवारीं एका डॉलरास पंचेचाळीस पेसो पडत होते. सोमवारीं बाजार उघडला तो मधल्या पायऱ्या न उतरतांच. त्या एका दिवशीं ब्युनोस आयरीसचा मर्व्हाल निर्देशांक शेंकडा अडतीस खालीं गेला. शुक्रवारची मेणबत्ती आणि सोमवारची मेणबत्ती यांच्यामध्यें कोरा कागद. त्या कोऱ्या जागेंत कोणाचाही आधार, कोणाचीही सरासरी नव्हती. २०२० सालीं आर्जेंटिनानें कर्ज पुन्हां थकविलें आणि ते रोखे बदलून दुसरे देण्यांत आले. शंभर वर्षांच्या त्या रोख्यास तीनच वर्षांचें आयुष्य लाभलें.

रशियाच्या आलेखावर तर याहून मोठी कोरी जागा आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं युक्रेनवर स्वारी झाली आणि मॉस्कोचा निर्देशांक एका दिवसांत एकतृतीयांशानें पडला. २८ फेब्रुवारीपासून तेथें शेअरांचे सौदे बंद ठेवण्यांत आले ते २४ मार्च रोजीं थोड्या शेअरांपुरते उघडले, आणि तेव्हांही परकीयांस विकण्याची मनाई होती. मध्यंतरीं एमएससीआयनें ९ मार्चपासून रशियास उदयोन्मुख देशांच्या निर्देशांकांतून काढून टाकलें. तें करतांना त्या शेअरांची किंमत जवळजवळ शून्य धरली. मॉस्कोंतल्या माणसाच्या आलेखावर तोच शेअर पुढें चालूं राहिला, आणि लंडनच्या माणसाच्या आलेखावर त्याची रेषा तेथेंच संपली. चढ नाहीं, उतार नाहीं, नुसती समाप्ति. या प्रसंगास कोणत्याही ग्रंथांत आकृति दिलेली नाहीं.

इतकें पाहिल्यावर आम्हांस कोणीं विचारील कीं, मग हे आलेख मुलांच्या हातून काढून घ्यावे काय ? आमचें तसें मत नाहीं. मागें काय झालें, किती वेगानें झालें, किती वेळां झालें, हें आलेखाइतकें स्पष्ट दुसरें कांहीं दाखवीत नाहीं. वैद्य नाडी पाहतो ती उपयोगाचीच. पण नाडीवरून तो रोग्यास पुढच्या महिन्यांत वारसा मिळेल कीं नाहीं हें सांगूं लागला तर आपण वैद्य बदलतों. आणि उसन्या बळावर केलेल्या सौद्यांत नाडीही कामास येत नाहीं. सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेली पाहणी सर्वांनीं डोळ्यांखालून घालावी. २०२१-२२ पासूनच्या तीन आर्थिक वर्षांत शेअरांच्या वायद्यांत व ऑप्शनांत सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक लोकांपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा आला, आणि सर्वांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. या लोकांजवळ आलेख नव्हते असें थोडेंच आहे ? प्रत्येकाच्या खिशांत होते.

ज्यांस तरीही आलेख पाहावयाचे आहेत त्यांनीं निदान आपल्या सरकारी रोख्यांचा आलेख तरी तिसऱ्या ठिकाणीं मांडून ठेवावा, अशी आमची सूचना आहे. कित्येक घरांत त्याचें नांवही कोणास ठाऊक नसतें. मात्र तो पाहतांना एक तारीख ध्यानांत ठेवावी लागेल. हे रोखे आजवर मुख्यतः आपल्याच बँका, आयुर्विमा व भविष्यनिर्वाह निधि यांच्या पेटींत असत. म्हणून त्यांची रेषा बहुधा घरच्याच कारणांनीं हले. २८ जून २०२४ पासून जे. पी. मॉर्गन या पेढीनें उदयोन्मुख देशांच्या सरकारी रोख्यांच्या आपल्या निर्देशांकांत हिंदुस्थानास घेतलें. आरंभीं शेंकडा एक, मग दरमहा एकेक वाढवीत मार्च २०२५ पर्यंत शेंकडा दहा. तो निर्देशांक समोर ठेवून पैसे घालणारे जगभरचे फंड तेव्हांपासून आपले रोखे ठरलेल्या प्रमाणांत बाळगूं लागले. ते घेतील ते आपल्या कारणांनीं, आणि विकतील तेही आपल्याच कारणांनीं. त्यांत आपला पाऊस, आपली महागाई, आपलें अंदाजपत्रक यांचा संबंध असेलच असें नाहीं. म्हणून त्या तारखेस आलेखावर एक उभी रेघ मारावी, आणि तिच्या डावीकडील तिरकी रेषा पट्टी लावून उजवीकडे लांबवूं नये. आमच्याकडे येणाऱ्या मुलांस आम्ही ती उभी रेघ प्रथम मारावयास लावतों. बाकीच्या रेघा ते आमच्याहून सुबक काढतात.